विष आतड्यात, घाव मूत्रपिंडावर

'मोडशी' हा शब्द आमच्या गोमंतकीय वाचकांस नवा नाही. पोट बिघडले, अन्न पचेनासे झाले, की घरातील वडीलधारी माणसे अजूनही मोडशी झाली असे म्हणतात. आज साध्या अपचनासाठी योजला जाणारा हा घरगुती शब्द एके काळी फार भयंकर अर्थाने फार दूरवर जाऊन पोहोचला होता. गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पटकीच्या रोगाचे वर्णन केले आहे. युरोपीय वैद्याने केलेल्या या रोगाच्या अगदी आरंभीच्या वर्णनांत त्याची गणना होते. ओर्ताने रोगाचे इथल्या लोकांच्या तोंडचे नावही नोंदवून ठेवले. पुढे पोर्तुगीजांनी त्या नावाचे 'मोर्देशी' केले आणि फ्रेंचांनी त्यावरून 'कुत्र्याचे मरण' अशा अर्थाचा शब्द आपल्या भाषेत घडवला. मूळ शब्दाचा संबंध मात्र आपल्या 'मोडणे' या साध्या क्रियापदाशी जोडला जातो. हा रोग माणसाला मोडतो, एवढेच त्या नावाने सांगितले होते.

माणूस मोडतो म्हणजे नेमके काय होते, याचा उलगडा होण्यास मात्र साडेतीन-चार शतके लागली. जुलाब आणि वांत्या डोळ्यांना दिसतात. गालफडे बसतात, हातपाय गार पडतात, नाडी लागेनाशी होते, हेही दिसते. परंतु लघवी थांबणे हे आणखी एक लक्षण रोग्याच्या घरच्यांच्या सहसा उशिरा ध्यानी येते. आतड्यात राहणाऱ्या जंतूचे विष आतड्यापासून इतक्या दूर असलेल्या मूत्रपिंडाचा घात कसे करते, हा वैद्यकशास्त्रापुढील एक जुना प्रश्न होता. त्याचे उत्तर लंडन, कोलकाता, टोकियो, झ्युरिक, वेल्लोर, ढाका आणि टोरांटो अशा अनेक ठिकाणी थोडेथोडे सापडत गेले. त्या शोधाचा इतिहास वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते. तो मनोरंजक आहेच, शिवाय लहान मुले असलेल्या प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे.

प्रथम मूत्रपिंडाविषयी दोन शब्द. मुठीएवढ्या या दोन पिंडांकडे हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा सतत जात असतो. प्रत्येक पिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणीच्या तोंडाशी केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो आणि त्यापुढे एक लांब नलिका असते. दिवसभरात या गुच्छांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील फार मोठा भाग नलिका परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर पडतो. एवढा अवाढव्य व्यवहार दोन गोष्टींवर अवलंबून आहे. रक्ताचा पुरवठा आणि त्याचा दाब टिकला पाहिजे, ही पहिली गोष्ट. त्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर शाबूत राहिले पाहिजे, ही दुसरी. जंतूंची विषे या दोन्ही ठिकाणी घाला घालू शकतात. पटकीचे विष पहिल्या मार्गाने जाते आणि रक्ती हगवणीचे एक विष दुसऱ्या मार्गाने.

पहिल्या मार्गाची चाहूल प्रथम १८३१ साली लागली. त्या वर्षी पटकीची साथ इंग्लंडात पोहोचली होती. विल्यम ओशॉनेसी नावाच्या विशीतल्या एका आयरिश डॉक्टरने पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासले, तेव्हा त्यातील पाणी, क्षार आणि अल्कली फार घटल्याचे त्यास आढळले. ज्या रोग्यांची लघवी बंद झाली होती, त्यांच्या रक्तात युरिया हा मूत्रातून बाहेर पडणारा पदार्थ साचलेला होता. गेलेले पाणी आणि मीठ रक्तात परत घालावे, असे त्याने सुचवले. स्कॉटलंडातील लीथ येथील टॉमस लाटा या डॉक्टरने १८३२ मध्ये ही सूचना अंमलात आणली आणि शिरेवाटे मिठाचे पाणी देऊन काही मरणोन्मुख रोग्यांस उठवून बसवले. ओशॉनेसी स्वतः १८३३ मध्ये कोलकात्यास आला, तेथील मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा अध्यापक झाला आणि पुढे त्याने हिंदुस्थानातील पहिल्या तारायंत्राच्या ओळी उभारल्या. आपल्या देशाच्या इतिहासात त्याचे नाव तारखात्यामुळे राहिले. पटकीच्या उपचाराची त्याची सूचना मात्र पुढे अनेक दशके अडगळीत पडली.

विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कोलकात्यात शिरेतून क्षारयुक्त पाणी देण्याची पद्धत नव्याने आणि पद्धतशीरपणे सुरू केली. त्यामुळे तेथील रुग्णालयातील पटकीचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास उतरले. परंतु या वाचलेल्यांपैकी काही जण जुलाब थांबल्यावर, धोका टळला असे सर्वांस वाटत असताना, लघवी न झाल्याने दगावत. पोट बरे झालेले असे, मूत्रपिंड मात्र बंद पडलेले असे. पुढे क्षाराबरोबर अल्कलीही देण्यास सुरुवात झाल्यावर हे मृत्यू कमी होत गेले.

याच कोड्याने शंभुनाथ डे यांना पटकीच्या अभ्यासाकडे ओढले. हुगळी जिल्ह्यात १९१५ साली जन्मलेले हे विकृतिशास्त्रज्ञ लंडनहून १९४९ मध्ये परतले आणि कोलकात्याच्या रुग्णालयांत पटकीने मेलेल्यांच्या मूत्रपिंडांची तपासणी करू लागले. काही मृतांत मूत्रपिंडाचा बाहेरचा सगळा थर मरून गेल्याचे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. रक्त घट्ट झाले, दाब कोसळला आणि मूत्रपिंडास रक्तच पोहोचले नाही, म्हणून त्याचे ऊतक उपाशी मेले. मग मूळ अपराध कोठे घडतो? डे यांची दृष्टी मूत्रपिंडावरून मागे आतड्याकडे वळली. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्यात पटकीचे जंतू सोडले. तो तुकडा पाण्याने तट्ट फुगला. पुढे त्यांनी जंतू गाळून काढून टाकलेला नुसता द्रव वापरला, तरीही तेच घडले. हा निष्कर्ष १९५९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पटकीचा जंतू बाहेर टाकत असलेले विषच माणसास मारते, ही गोष्ट त्यायोगे सिद्ध झाली. रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू १८८४ मध्ये कोलकात्यातच पुन्हा पाहून असे विष असावे, असा कयास बांधला होता. त्यास पुरावा मिळण्यास ७५ वर्षे लागली.

हे विष आतड्याच्या पेशीला मारीत नाही. ते तिच्या आतील एक कळ चालू स्थितीत अडकवून ठेवते आणि मग पेशी थांबल्यावाचून क्षार आणि पाणी आतड्यात ओतत राहते. प्रौढ माणसाचे तासाला एक लिटर पाणीही अशा रीतीने जाऊ शकते. विष आतड्यापलीकडे जात नाही, तरी मूत्रपिंड बुडते, कारण त्याचे पाणी वर, उगमाशीच तोडलेले असते. म्हणून गेलेले पाणी आणि मीठ वेळेवर परत दिले की बहुतेक रोग्यांचे मूत्रपिंड पुन्हा काम करू लागते. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात, १९७१ साली, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने देऊन मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आणले. त्यामागचे तत्त्व तेच होते. डॉ. महालनाबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. शंभुनाथ डे यांच्या वाट्यास १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत देशातील कोणताही मोठा मान आला नाही, हे येथे नमूद केल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

आता दुसऱ्या मार्गाकडे वळू. १८९७ साली जपानात रक्ती हगवणीची मोठी साथ आली. नव्वद हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि त्यांतील पाचांत एकाहून अधिक दगावले. टोकियोत किताझातो यांच्या संस्थेत काम करणाऱ्या कियोशी शिगा या तरुण डॉक्टरने ३६ रोग्यांच्या तपासणीतून या रोगाचा जंतू वेगळा काढला. त्या जंतूंच्या कुळास पुढे त्यांच्याच नावावरून 'शिगेला' म्हणू लागले. हा जंतू विष निर्माण करतो, हे १९०३ मध्येच कळले होते. परंतु ते विष सशांना टोचले असता त्यांचे पाय लुळे पडत, म्हणून त्यास मज्जातंतूंचे विष समजण्यात आले. प्रयोगशाळेतल्या प्राण्याने दाखवलेल्या एका लक्षणामुळे शास्त्रज्ञांचे लक्ष अनेक वर्षे भलतीकडे लागून राहिले.

दरम्यान १९५५ साली झ्युरिकमधील बालरक्तरोगतज्ज्ञ कॉनराड गासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच मुलांच्या एका चमत्कारिक आजाराचे वर्णन केले. त्या मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटत होत्या, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका घटल्या होत्या आणि मूत्रपिंडे बंद पडली होती. या तिन्ही लक्षणांच्या समूहास त्यांनी नाव दिले. ते आज जगभर 'हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम' म्हणून प्रचलित आहे. कारण मात्र ठाऊक नव्हते. अशा पुष्कळ मुलांना आधी जुलाब झालेले असत, हे हळूहळू लक्षात येऊ लागले. आपल्या उपखंडातील डॉक्टरांस हा संबंध विशेष स्पष्ट दिसला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी १९७८ मध्ये दक्षिण भारतीय मुलांत शिगेलाच्या हगवणीनंतर हाच आजार उद्भवतो असे दाखवले, आणि ढाक्यातील संशोधकांनीही त्याच वर्षी तसेच लिहिले. तरीही, ज्या मुलांच्या शौचात शिगेला सापडत नसे, त्यांचे काय, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर एका वानराच्या मूत्रपिंडाने दिले, असे म्हणावयास हरकत नाही. जपानातील चिबा विद्यापीठात १९६२ साली आफ्रिकेतील हिरव्या वानराच्या मूत्रपिंडातील पेशींची एक परंपरा काचपात्रात वाढवण्यात आली. एस्पेरांतो भाषेतील 'हिरवे मूत्रपिंड' या अर्थाच्या शब्दांचा संक्षेप करून तिला 'व्हेरो' असे नाव दिले गेले. त्याच भाषेत 'व्हेरो' म्हणजे सत्य. ऑटवा येथील कोनोवालचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७७ मध्ये असे आढळले, की ई. कोलाय या आतड्यातील एरवी निरुपद्रवी मानल्या जाणाऱ्या जंतूचे काही वाण या पेशी मारून टाकणारे विष सोडतात. १९८२ मध्ये अमेरिकेत अर्धवट भाजलेल्या मांसामुळे रक्ती जुलाबाच्या दोन साथी आल्या आणि त्यांत ई. कोलायचा ओ-१५७ हा वाण सापडला. १९८३ मध्ये टोरांटोच्या बालरुग्णालयात मोहम्मद करमाली आणि सहकाऱ्यांनी गासर यांनी वर्णिलेल्या आजाराच्या मुलांत हेच विष सोडणारे ई. कोलाय दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेतील ॲलिसन ओब्रायन यांच्या संशोधनातून हे विष आणि शिगांच्या जंतूचे जुने विष एकाच घराण्यातील आहे, हेही सिद्ध झाले. विष १९०३ पासून आणि आजार १९५५ पासून माहीत होता, पण दोहोंची गाठ पडण्यास १९८३ उजाडले. जंतुशास्त्रज्ञ, रक्ततज्ज्ञ आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर आपापल्या दालनांत उत्तम काम करीत होते. त्या दालनांमधील दारे मात्र क्वचितच उघडत.

या विषाचे काम पटकीच्या विषाहून निराळे आहे. त्याचे दोन भाग असतात. एक भाग पाच पाकळ्यांचा असून तो पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट स्निग्ध-शर्करा रेणूला चिकटतो. दुसरा भाग पेशीच्या आत शिरतो आणि प्रथिने तयार करणारी यंत्रणा कायमची निकामी करतो. आपल्याकडे ज्यापासून तेल काढतात त्या एरंडीच्या बीमध्ये रिसिन नावाचे जालीम विष असते. ते पेशीतील ज्या जागी घाव घालते, नेमक्या त्याच जागी शिगाचे विषही घालते, हे जपानी संशोधकांनी १९८७-८८ मध्ये दाखवले. पाकळ्यांना हवा असणारा तो रेणू माणसाच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरात विपुल असतो. म्हणून आतड्यातून रक्तात उतरलेले विष नेमके तेथे जाऊन बसते. अस्तर सुजते, उकलते, त्यावर बारीक गुठळ्या धरतात. त्या गुठळ्यांत बिंबिका खर्ची पडतात, अरुंद झालेल्या वाटेने जाताना तांबड्या पेशी चिरल्या जातात आणि गाळणी तुंबते. गासर यांची तिन्ही लक्षणे अशी एकाच घटनेतून उलगडतात. गाईबैलांच्या रक्तवाहिन्यांत हा रेणू माणसासारखा नसतो. त्यामुळे ती जनावरे असे जंतू पोटात बाळगूनही धडधाकट राहतात. शेणाचा संसर्ग पाण्याला, भाजीला वा मांसाला झाला म्हणजे ते माणसापर्यंत पोहोचतात.

आणखी एक गोष्ट मोठी विलक्षण आहे. ई. कोलायमधील या विषाचे बीज त्या जंतूचे स्वतःचे नाही. जंतूच्या अंगात दडून राहिलेल्या एका विषाणूने ते आणलेले असते. जंतूवर आघात झाला की हा विषाणू जागा होतो, आपल्या प्रती वाढवतो आणि त्याबरोबर विषही भरमसाट तयार होते. जंतू मारण्यासाठी दिलेले एखादे प्रतिजैविक औषध अशा वेळी उलट विषाचा लोंढा सोडू शकते. अमेरिकेत ओ-१५७ ची बाधा झालेल्या मुलांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिजैविके दिलेल्या मुलांना मूत्रपिंडाचा आजार होण्याचा धोका अधिक आढळला. शिगेलाच्या हगवणीत मात्र योग्य प्रतिजैविक आवश्यक ठरते. वरून दोन्ही आजार सारखेच दिसतात, म्हणून शौचाची तपासणी आणि डॉक्टरांचा निर्णय यांचे महत्त्व. रक्ती जुलाबांवर औषधाच्या दुकानातून स्वतःच गोळ्या आणून देण्याची, किंवा जुलाब थांबवणारे औषध देऊन विष आतच कोंडण्याची जी सवय आपल्या घरांत रुळली आहे, तिचा येथे गंभीरपणे फेरविचार झाला पाहिजे.

शिगांच्या स्वतःच्या देशात १९९६ साली या विषाने सूड घेतल्यासारखे केले. साकाई शहरात शाळांतील दुपारच्या जेवणातून सात हजारांहून अधिक लोकांना ओ-१५७ ची बाधा झाली. त्यांत बहुतांश शाळकरी मुले होती. संशय मुळ्याच्या कच्च्या मोडांवर होता. त्यानंतर २०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत एका नव्या वाणाची, ओ-१०४ ची, साथ उसळली. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, त्यांपैकी ८५५ जणांस मूत्रपिंडाचा हा आजार झाला आणि पन्नासांहून अधिक माणसे मेली. एरवी मुलांना होणारा आजार या वेळी प्रौढांस, विशेषतः स्त्रियांस झाला. आरंभी दोष स्पेनच्या काकड्यांवर आला आणि तेथील शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. पुढे माग लागला तो एका शेतावर वाढवलेल्या कोवळ्या मोडांचा. फ्रान्समध्ये बोर्दोजवळही थोडे रोगी सापडल्यावर दोन्ही ठिकाणचा समान धागा स्पष्ट झाला. तो होता इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या बियांचा.

मेथी आणि मोड हे दोन्ही शब्द आपल्या स्वयंपाकघरातील आहेत. मटकी, मूग, मेथी भिजवून फडक्यात बांधून मोड आणणे हे आपल्या प्रत्येक घरात चालते, मग ते घर इंदूरचे असो वा बडोद्याचे. ऊब आणि ओल यांमुळे बीला मोड येतो, आणि बीवर जंतू असल्यास त्याच उबेत तोही लाखपटींनी वाढतो. आपल्या आजी-पणज्यांनी मोड आलेल्या कडधान्यांची उसळ चांगली शिजवून खाण्याची रीत घातली, ती जंतुशास्त्र वाचून नव्हे, परंतु तिच्यात मोठे शहाणपण होते. अलीकडे आरोग्याच्या नावाखाली कच्चे मोड खाण्याची चाल पडली आहे. निदान लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना तरी मोड शिजवूनच द्यावेत, असे आम्ही आग्रहाने सांगू.

इतिहासाने शिकवलेले व्यवहारात उतरवायचे, तर गोष्टी थोड्याच आहेत. साध्या जुलाबांत क्षार-साखरेचे पाणी पहिल्या तासापासून द्यावे. शौचात रक्त दिसले तर विनाविलंब डॉक्टर गाठावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुलाब थांबले म्हणून निर्धास्त होऊ नये. शिगा-विषाचा मूत्रपिंडावरील घाव बहुधा जुलाब सुरू झाल्यापासून आठवडाभराने, पोट सुधारत असतानाच उघड होतो. ई. कोलायच्या अशा बाधेतील शंभरांपैकी पाच ते पंधरा मुलांना तो होतो. मूल फिकट पडले, मलूल झाले, डोळ्यांखाली सूज दिसली आणि लघवी कमी झाली, तर तो आतड्याचा आजार राहिलेला नाही असे समजावे. वेळेवर रुग्णालयात गेलेली, प्रसंगी काही दिवस डायलिसिसवर ठेवलेली बहुतेक मुले वाचतात. वाचलेल्यांतही काहींस पुढे रक्तदाब वा मूत्रपिंडाची दुर्बलता जडते, म्हणून त्यांची तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.

रोग्याच्या अंथरुणाशी बसून 'लघवी झाली का?' असे विचारणारे जुने वैद्य पुष्कळ घरांनी पाहिले असतील. ओशॉनेसींनी रक्तातील युरिया मोजला, शंभुनाथ डे यांनी मृतांची मूत्रपिंडे उघडली, करमालींनी मुलांच्या शौचातील विष शोधले, ते सारे याच प्रश्नाचे उत्तर शोधीत होते. तो प्रश्न विचारण्यास यंत्र लागत नाही. आजारी मुलाजवळ जो कोणी बसलेला असेल, त्याने तो दिवसातून दोन-चार वेळा विचारावा आणि उत्तर नकारार्थी आले तर उद्याची वाट पाहू नये.